बसथांब्यावरचे सहा सेकंद

'होय' म्हणायची सवय बान घराण्याच्या रक्तातच आहे. धाकट्या काकांचा मेसेज घराण्याच्या ग्रुपवर आला रे आला, की अकरा पुरुषांचे अकरा अंगठे आपोआप चालतात आणि एकाखाली एक अकरा उत्तरं पडतात, "होय, काका." मेसेज वाचायची काही पद्धत नाही. काकांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, आणि नसलं बरोबर, तर सांगायला जाणार कोण?

बान दोक-सूनेही तेच केलं. जुलैतली दुपार, लॉन्ड्रीत वाफेने जीव नकोसा झालेला, समोर वकीलसाहेबांचा काळा कोट. मोबाईल वाजला. उजव्या हातात इस्त्री तशीच धरून त्याने डाव्या अंगठ्याने 'होय, काका' पाठवलं आणि कोटाची दुसरी बाही पुढे ओढली.

"काय म्हणतायत काका?" मागे कपड्यांना चिठ्ठ्या टाचत बसलेल्या त्याच्या बायकोने, ओक-रानने विचारलं.

"काही नाही गं, नेहमीचंच. चुसॉकचा सण येतोय, त्याआधी पूर्वजांच्या समाध्यांवरचं गवत कापायला जायचं."

"कधी?"

आता आली का पंचाईत! वाचलं होतं कुणी? त्याने इस्त्री बाजूला ठेवली, मोबाईल पुन्हा उघडला आणि मेसेज वाचला. सप्टेंबरचा दुसरा रविवार. सकाळी आठ वाजता सगळ्यांनी टेकडीवर हजर राहावे. थोरल्या घरचा थोरला म्हणून गवत कापायचं यंत्र दोक-सूने आणावे.

दुकानातल्या कॅलेंडरवर त्याच तारखेभोवती लाल पेनाने तीन गोल काढलेले होते. ते ओक-रानने काढले होते. तिच्या आयुष्यातल्या पहिल्या ट्रायथलॉनची तारीख होती ती.

"अहो, कधी ते सांगा की!"

दोक-सूने सांगितलं. सांगितलं आणि वकीलसाहेबांच्या कोटाची बटणं मोजत उभा राहिला. ओक-रान ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त टाचणी खाली ठेवली.

इथे जरा मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं त्यात?

तर, अकरा वर्षं दोक-सू ट्रायथलॉन करत होता. आधी तलावात पोहायचं, मग सायकल हाणायची, मग पळायचं, आणि हे सगळं एकाच दिवशी, मधे न थांबता. विकतचं दुखणं, दुसरं काय! चाळिशीत डॉक्टरांनी त्याच्या पोटाकडे बघून 'जरा चालत जा' म्हटलं होतं. हा बाबा जो चालत सुटला तो परत यायचं नावच घेईना. हिवाळ्यात दुकानातच रोलरवर सायकल लावून घामाघूम होऊन बसायचा. गिऱ्हाईक चमकून बघायला लागलं की ओक-रान म्हणायची, "तिकडे नका लक्ष देऊ, नवीन यंत्र आहे आमचं, आवाजच फार करतं." त्याचा पोहायचा रबरी पोशाख गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या रांगेत वाळत असायचा. एकदा एका नवरीची आई भरजरी कपडे घेऊन तणतणत परत आली, म्हणाली, "यांना मासळीचा वास येतोय!" ते कपडे ओक-रानने चारदा धुतले.

आणि शर्यतीच्या दिवशी ओक-रान वळणावर उभी. एका हातात कोरडे मोजे, दुसऱ्या हातात मोबाईल, पिशवीत केळी. अकरा वर्षांत एकदाही चुकली नाही, अंगात ताप असतानासुद्धा नाही. दुकानाच्या भिंतीवर दोक-सूचे एकवीस फोटो लागले होते. दोक-सू पाण्यातून बाहेर येताना, दोक-सू सायकलवर, दोक-सू दोन्ही हात वर करून. ओक-रानचा एकही नाही. फोटो काढणारी फोटोत दिसणार कशी? आणि शर्यत संपवून आल्यावर या गृहस्थाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "फोटो नीट आला का?" ऊन लागलं का, दोन घास खाल्लेस का, ते काही नाही.

दोन वर्षांपूर्वी ओक-रान नगरपालिकेच्या तलावावर जायला लागली. म्हाताऱ्या बायकांची पाण्यातली कवायत असते सकाळी, तिथे. एक दिवस तिने मधली दोरी ओलांडली आणि पलीकडच्या बाजूला सरळ पोहायला लागली. मग त्याची जुनी सायकल काढली. मग बूट आणले. दोक-सूला वाटलं, हौस आहे, फिटेल. जानेवारीत तिने नदीकाठच्या शर्यतीचा फॉर्म भरला आणि त्याच्यासमोर ठेवला. "पन्नाशी उलटली माझी. आता माझी पाळी. या वर्षी तुम्ही शर्यत करायची नाही. तुम्ही उभं राहायचं."

खरं सांगायचं तर ते सहा महिने फार मजेचे गेले. दुकान तर बंद ठेवता येत नाही, म्हणून एकाच्या हातात इस्त्री असली की दुसऱ्याच्या पायात बूट. भेट व्हायची ती दुकानाच्या दारात. "किती झाले?" "बारा किलोमीटर. तुमचे?" "सतरा शर्ट." आणि दोघं हसत सुटायचे. दोक-सू सोयाबीनच्या पेस्टची आमटी करायला शिकला. पहिल्या वेळी इतकी खारट झाली की ओक-रान म्हणाली, "घामातून गेलेलं मीठ एका वाटीत भरून दिलंत, उपकार झाले." ती रात्री आठलाच जेवता जेवता पेंगायची आणि तिच्या हातातल्या जेवायच्या काड्या हळूच काढून घेताना दोक-सूला उगाचच भरून यायचं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण इतकं एकमेकांकडे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

आणि त्यात हा 'होय, काका'.

"मग कळवा काकांना, जमणार नाही म्हणून," ओक-रान म्हणाली.

"काकांना?" दोक-सूच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, काकांना नाही कसं म्हणायचं?"

"हे बघा," ती शांतपणे म्हणाली, "अकरा वर्षं मी उभी राहिले. तुम्हाला एक दिवस उभं राहायचंय. तुमच्या त्या टेकडीखाली बसथांबा आहे ना, तिथून सायकलचा रस्ता दोनदा जातो. तिथे तुम्ही मला दिसला पाहिजेत आणि एक फोटो काढला पाहिजे. बस. नाही दिसलात, तरी शर्यत मी पुरी करीनच. पण मग अकरा वर्षं मी कुणासाठी उभी होते, ते मला कळेल."

एवढं बोलून तिने टाचणी उचलली. पण त्याने काकांना कळवलं का? छे! त्याने एक बेत आखला. असल्या माणसांना नाही म्हणण्यापेक्षा बेत आखणं सोपं वाटतं. समाध्या नऊ. उजाडता उजाडता टेकडीवर जायचं, मंडळी येईपर्यंत निम्म्याहून जास्त गवत कापून टाकायचं, आणि नऊच्या सुमाराला काहीतरी निमित्त काढून खाली सटकायचं. ओक-रानने बेत ऐकून घेतला. "तुमचं तुम्ही बघा. मला तुम्ही थांब्यावर दिसा."

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचला ती ट्रायथलॉन क्लबच्या गाडीतून शर्यतीच्या तलावाकडे गेली. जाताना तिचे हात गार पडले होते. दोक-सूने ते दोन्ही हातांत धरून चोळले आणि म्हणाला, "पहिली शंभर मीटर हळू जा. मी आहे." मग गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवले, उडणारे दगड लागू नयेत म्हणून नडगीला पत्रे बांधले आणि यंत्र पाठीला लावून टेकडी गाठली.

टेकडीवर समाध्यांचे नऊ उंचवटे आहेत, पायऱ्यांसारखे एकावर एक. सगळ्यात वर मूळ पुरुष, मग खाली खाली पुढच्या पिढ्या. सगळ्यात खालची नववी समाधी काकूची, दोन वर्षांपूर्वीची. तिला यंत्र लावायचं नाही. ती काका स्वतः विळ्याने साफ करतात, हे सगळ्यांना ठाऊक. दोक-सूने ती सोडली आणि तिच्या वरच्यापासून सुरुवात केली. चढायचा त्रास वाचला, काम झपाझप झालं. आठाच्या ठोक्याला मंडळी आली तेव्हा सहा समाध्या चकाचक झाल्या होत्या. घामाने न्हालेला दोक-सू शाबासकीच्या आशेने उभा राहिला.

काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. अंगाने चिमूटभर, हातात पांढरे मोजे, डोक्यावर गवताची टोपी. त्यांनी खालून वर बघितलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे काय केलंस?"

"सहा झाल्या, काका!"

"सहा झाल्या म्हणे! अरे शहाण्या, खालून वर? आजोबाच्या आधी नातवाची हजामत? तिकडे वर मूळ पुरुष जटा वाढवून बसलेत आणि इकडे त्यांची पोरंटोरं भांग पाडून तयार! थोरल्या घरचा थोरला ना तू? आता ते गवत परत चिकटवता येणार आहे का?"

दहा चुलतभावांनी टोप्या तोंडावर ओढल्या. खांदे हलत होते त्यांचे. दोक-सूच्या लक्षात आलं, गवतकापणी वरून खाली करायची असते हे पाच वर्षांचं पोरही सांगेल. घाईत डोकं गहाण पडलं होतं त्याचं.

"चल वर," काका म्हणाले. "पहिल्यापासून. प्रत्येकापुढे दारू ओतायची, दोनदा डोकं टेकायचं आणि चुकलो म्हणायचं. सगळ्यांपुढे."

दोक-सू म्हणाला, काय म्हणाला असेल? "होय, काका."

मूळ पुरुषाच्या समाधीवरचं गवत कापून, पूजा मांडून तो गुडघे टेकून वाकला तेव्हा सव्वानऊ झाले होते आणि खालच्या रस्त्यावर सायकली दिसायला लागल्या होत्या. कपाळ जमिनीला टेकलेलं, पण डोळा रस्त्यावर. निळं हेल्मेट गेलं, पांढरं गेलं. मग लाल हेल्मेट, पिवळा शर्ट. तीच! थांब्यापाशी येताना तिचे पाय थांबले. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. थांब्याचं बाकडं रिकामं होतं. तिने मान खाली घातली आणि पाय मारत निघून गेली.

"दुसऱ्यांदा टेक," काका म्हणाले.

दोक-सूने डोकं टेकलं आणि ते वर उचलावंसंच वाटेना त्याला. मूळ पुरुषाची त्याने क्षमा मागितली खरी, पण मनात चेहरा वेगळाच होता. आता एकच फेरी उरली होती. सव्वाअकराला ती पुन्हा त्या थांब्यावरून जाणार होती, त्यानंतर नाही.

पुढचे पावणेदोन तास त्याचे हात चालत होते आणि नजर घड्याळावर होती. काकांना घाई नव्हती. दारू ओतायची ती थेंब थेंब, मागे सरून बघायचं, "डावीकडे जरा राहिलंय," आणि पुन्हा यंत्र. अकरा वाजून पाच मिनिटांनी फक्त काकूची समाधी उरली. मंडळींनी चटया अंथरल्या, उकडलेलं डुकराचं मांस निघालं, आंबवलेल्या कोबीच्या किमचीचे डबे उघडले.

"बस, दोक-सू," काका म्हणाले. "थोरल्याने सगळ्यांना पहिला पेला ओतायचा."

दोक-सू बसला नाही.

"नाही, काका."

एका चुलतभावाचा घास काड्यांमध्ये तसाच लोंबकळत राहिला.

"काय म्हणालास?"

"नाही म्हणालो. मला खाली जायचंय, थांब्यावर. माझी बायको यायचीय. तिला शब्द दिलाय मी. मघाशी ती येऊन गेली, काका, आणि मी नव्हतो तिथे."

"येऊन गेली? बसने?"

"सायकलवर. त्याआधी पोहत होती, तलावात."

"आणि आता?"

"आता परत सायकलवर येईल. मग पळेल. एकवीस किलोमीटर."

"कोण मागे लागलंय तिच्या?"

"कुणी नाही. तिला करायचंय. अकरा वर्षं ती माझ्यासाठी रस्त्यावर उभी राहिली, काका. आज माझी पाळी आहे."

काकांच्या हातात विळा होता. ते काकूच्या समाधीकडे बघत राहिले, मग खाली बसथांब्याकडे. "तुझी काकू त्याच थांब्यावर उभी असायची," ते म्हणाले. "बाजाराच्या दिवशी. मी प्यायलेला, एक बस चुकवायचो, दुसरी चुकवायचो. ती आपली उभी. चाळीस वर्षं. आणि मी तिच्यासाठी एकदासुद्धा नाही रे उभा राहिलो." त्यांनी नाक ओढलं आणि एकदम खेकसले, "आणि तू माझं तोंड काय बघत बसलायस? पळ की, गाढवा!"

दोक-सू पळाला. अकरा वर्षांत एवढा जीव खाऊन तो कुठल्याच शर्यतीत पळाला नव्हता. रबरी बूट फदक फदक करतायत, नडगीचे पत्रे खणखणतायत, केसांत गवत, तोंडावर गवत. थांब्यावर पोचला तेव्हा अकरा वाजून तेरा मिनिटं झाली होती. कुणी नव्हतं.

गेली असेल का? का अजून यायची आहे? पडली असेल? त्याने मोबाईल काढून हातात तयार धरला. लाल हेल्मेट दिसलं की काळीज उडायचं, जवळ आलं की दुसरंच कुणीतरी. तहान लागली होती, पण पाण्यासाठी मान वळवायची सोय नव्हती. वाट बघणं हेही दमवणारं काम आहे, हे या बाबाला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळत होतं. अकरा वीस. अकरा चोवीस.

आणि वळणावर पिवळा शर्ट दिसला.

दोक-सूने काय काय ठरवलं होतं! खांदे सैल सोड म्हणून सांगायचं, पाणी पी म्हणून सांगायचं. त्यातलं काहीही तोंडातून निघालं नाही. दोन्ही हात वर करून तो नुसता बोंबलला, "ओक-रान! अगं ओक-रान! आलो! मी आलो!"

तिने मान वर केली. त्याचा तो अवतार बघितला आणि सगळे दात दिसतील अशी हसली. "तोंड पुसा!" ती ओरडली, आणि गेली.

सहा सेकंद. फार तर सात. रस्ता पुन्हा रिकामा झाला.

दोक-सू बाकड्यावर बसला. इतकंच? एवढ्यासाठी ती अकरा वर्षं दिवसदिवस उभी राहायची? ताप अंगावर काढून, केळी सांभाळत, या सहा सेकंदांसाठी? आणि मी बावळट विचारायचो, फोटो नीट आला का! त्याला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी आलं ते कळलंच नाही. हातातल्या मोबाईलकडे लक्ष गेलं तेव्हा मात्र हसू पळालं. फोटो काढायचा राहिला होता.

शेवटच्या कमानीपाशी तो वेळेत जाऊन उभा राहिला. साडेतीनला शर्यत बंद होणार होती. तीन वाजले, तीन दहा झाले. सव्वातीनला ओक-रान आली. गालांवर मिठाचे पांढरे पट्टे, एक पाय जरा ओढत, पण पळत. कमान ओलांडली, गळ्यात पदक पडलं, आणि ती सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. दम खात तिने विचारलं, "फोटो नीट आला का?"

दोक-सूचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काढलाच नाही."

"काय?"

"विसरलो गं. तुझ्याकडेच बघत राहिलो."

ओक-रान तिथेच जमिनीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. "अकरा वर्षांत मी एक चुकवला नाही, आणि तुम्हाला एक जमला नाही!" मग तिने त्याच्या केसांतली गवताची काडी काढली. "पहिल्या फेरीला नव्हतात."

"नव्हतो. चुकलो."

"वाईट वाटलं मला. पुढची दहा किलोमीटर तुम्हाला शिव्या घालत गेले. वेग बरा मिळाला त्याने." ती काडी बोटांत फिरवत राहिली. "मग दुसऱ्यांदा दिसलात. काही खाल्लंत का सकाळपासून?"

"नाही. तू?"

मंडपात गरम नूडल्स मिळत होत्या. दोघं शेजारी शेजारी बसून भुरके मारत असताना मोबाईल वाजला. काकांनी ग्रुपवर एक फोटो टाकला होता. काकांनी, फोटो! आयुष्यात पहिल्यांदाच. अर्ध्या फोटोत त्यांचा पांढऱ्या मोज्यातला अंगठा होता. उरलेल्या अर्ध्यात, टेकडीवरून घेतलेला, खालचा रस्ता, बसथांबा, सायकलवरची पिवळ्या शर्टातली बाई, आणि रबरी बुटांतला एक माणूस दोन्ही हात आभाळात फेकून नाचत असलेला. दोघंही एकाच फोटोत. खाली दहा उत्तरं पडली होती, "होय, काका." कुणी काही विचारलं नव्हतं, तरी.

"हा लावायचा भिंतीवर," ओक-रान म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "अंगठ्यासकट."

तेवढ्यात तिचाही मोबाईल वाजला. काकांनी तिला ग्रुपमध्ये घेतलं होतं. बान घराण्याच्या ग्रुपमध्ये सून! आजवर कधी झालं नव्हतं ते. पाठोपाठ मेसेज आला, "सूनबाईने आज घराण्याचं नाव राखलं. पुढच्या वर्षी गवतकापणी सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी आठ."

पटापट उत्तरं पडली. होय, काका. होय, काका. अकरा. ओक-रानने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. त्याचा अंगठा अजून मोबाईलवरच होता. तिने काड्या त्याच्या मनगटावर हाणल्या.

"अहो, आधी वाचा तरी!"

मग तिने स्वतः तो मेसेज दोनदा वाचला, दुकानातल्या चिठ्ठ्या वाचते तसा, आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "नाही, काका. त्या दिवशी माझी शर्यत असते."

दोक-सूने नूडल्सचा घास तोंडातच धरून ठेवला. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिकडे कुणाकुणाचा घास पुन्हा काड्यांमध्ये लोंबकळत असणार. मग काकांचं उत्तर आलं.

"बरं. मग तारीख तू ठरव. आणि मला त्या दिवशी थांब्यावर कितीला उभं राहायचं तेही कळव."

दहा भावांनी क्षणात 'होय' पाठवलं. दोक-सूने मात्र या वेळी तो मेसेज सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. ओक-रानला वाचून दाखवला. आणि मग होय म्हणाला.